चाकणचा पगार मोठा, की चाकणला गेलेला माणूस मोठा?

परभणी जिल्ह्यातल्या एका पोराने विचारलंय. आयटीआय मशिनिस्ट, पाच वर्षांपासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला व्हीएमसी (धातू कापणारी संगणकी मशीन) चालवतो, कायम झालेला आहे, हातात १९,५०० पडतात. त्याच्याच बॅचचा, त्याच्याच बाकावर बसणारा मित्र पुण्याजवळच्या चाकणला २८,००० उचलतो. मित्र ठेकेदाराकडे आहे, रोज बारा तास करतो, चौघांत एक खोली घेऊन राहतो. आणि शेवटी प्रश्न : "सर, मी कमी पडलो का आपला भागच कमी पगाराचा? बॅग भरू का?"

मी सव्वीस वर्षं कारखान्यांच्या पर्सनल खात्यात काढली. पंधरा वाळूज-शेंद्र्याला, बाकीची रांजणगाव-चाकणला. पगाराचे करार हेच माझं मुख्य काम. तू माझ्या पोराच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करतो.

आधी त्या २८ हजारांची गाठ सोडवू. महिन्याचे २६ दिवस धर. तुझे आठ तासांनी २०८ तास झाले, म्हणजे तासाला पावणेचौऱ्याण्णव रुपये. मित्राचे बारा तासांनी ३१२ तास, त्याला तासाला पडतात नव्वदला काही पैसे कमी. हे झालं सगळे तास एकाच भावाने धरून. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो. ठेकेदार तो खरंच देत असेल, तर मित्राचा मूळ दर निघतो तासाला ६७ रुपये आणि आठ तासांचा महिन्याचा पगार १४,०००. देत नसेल, तर आठ तासांचे १८,६०० च्या आसपास. कसाही हिशेब घाल, आठ तासांच्या कामाला तुला जास्त मिळतात. वर तुझ्या स्लिपवर पीएफचे १,८०० कापलेले असतील आणि तेवढेच कंपनीने घातले असतील. ते तुझ्या 'हातात'मध्ये दिसत नाहीत, पण आहेत तुझेच. मित्राचा पीएफ भरला जातो का, हे त्याला पीएफ खात्याचा यूएएन नंबर टाकून बघायला सांग. ठेकेदाराच्या तोंडावर जाऊ नको म्हणावं.

मग चाकणला पगार कमी असतो का? तसंही नाही. तू एकाच वेळी तीन गोष्टी बदलून तुलना केलीस : माणूस, कंपनी आणि ठिकाण. वाळूजचा कायम आणि चाकणचा ठेक्यावरचा, यांना एका तराजूत घालून ठिकाणाचं वजन कळत नाही. कायमला कायम लाव, ठेक्याला ठेका लाव. तसं लावलं की चाकण वर निघतं. माझ्या अनुभवात नेहमीच निघालं.

हा वाद मी आयुष्यभर टेबलावर ऐकलाय. आपल्याकडच्या औद्योगिक न्यायालयांत पगार ठरवायचं एक जुनं सूत्र आहे, उद्योग-सह-प्रदेश. १९५०-६० च्या दशकांत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून ते रुळलं. अर्थ सरळ आहे : त्याच भागातल्या, त्याच धंद्यातल्या, साधारण त्याच ऐपतीच्या कंपन्या काय देतात ते बघा आणि त्याच्या आसपास ठरवा. आता यात 'भाग' म्हणजे कुठवर? वाळूजच्या प्रत्येक करारात युनियनचे लोक चाकणच्या स्लिपांच्या झेरॉक्स घेऊन यायचे. "तोच पार्ट, तीच मशीन, तोच ग्राहक, मग पगार कामून कमी?" आणि आम्ही मॅनेजमेंटवाले शेजारच्याच चिकलठाण्याच्या आणि शेंद्र्याच्या स्लिपा पुढे करायचो. दोघांचेही कागद खरे असत. पुढे मी चाकणला गेलो, तर तिथली मॅनेजमेंट करारात वाळूजचे आकडे काढायची. तेव्हा मला हसू आवरेना. काही कंपन्यांचे कारखाने तर दोन्हीकडे आहेत. बजाजचा वाळूजचा १९८५ चा आणि चाकणचा १९९९ चा. म्हणजे तुलना टाळू म्हटलं तरी टळत नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. माणूस किती आणि ठिकाण किती?

सरासरीकडे बघून याचं उत्तर कधीच मिळणार नाही. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्याजिल्ह्याचं दरडोई उत्पन्न छापून येतं. वर मुंबई, पुणे, ठाणे, आणि तळाच्या जिल्ह्यांत आपली हिंगोली. तो तक्ता बघून लोक म्हणतात, पुण्यात पैसा आहे. पण लातूरचा विचार कर. राजर्षी शाहू, दयानंद या कॉलेजांनी पोरं घडवली, लातूर पॅटर्न म्हणून राज्यभर नाव झालं. नांदेड, बीड, धाराशिवची पोरंही तिथे खोल्या करून राहिली आणि घासून निघाली. त्यातली इंजिनिअर झालेली गेली कुठे? हिंजवडीला. आज हिंजवडीच्या सरासरी पगारात जी उंची दिसते, तिच्यात औसा-उदगीरच्या किती आयांनी पाठवलेल्या डब्यांचा वाटा आहे, तो तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचा? ती पोरं आहेत म्हणून पुण्याचा आकडा चढला आणि ती गेली म्हणून लातूरचा उतरला. ठिकाणाच्या नावावर जमा झालेला बराचसा पैसा हा अशा गेलेल्या माणसांचा असतो.

हे वेगळं काढायची एकच नीट रीत आहे. तोच माणूस धर, त्याचं गाव बदललं तेव्हा त्याचा पगार किती बदलला ते बघ. जगात ज्या देशांकडे लाखो कामगारांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत, तिथे हे करून झालंय. फ्रान्समध्ये कॉम्ब, ड्युरांटों आणि गोबियों या तिघांनी २००८ मध्ये दाखवलं की भागाभागांतल्या पगाराच्या फरकातला जवळपास निम्मा हिस्सा तिथे राहणाऱ्या माणसांच्या कौशल्याचा आहे. अमेरिकेत डेव्हिड कार्ड, रॉथस्टाईन आणि यी यांनी असाच हिशेब मांडला. कार्ड म्हणजे २०२१ चे नोबेलवाले. त्यांचंही उत्तर तेच : साधारण अर्धं माणसाचं, अर्धं ठिकाणाचं. त्यांनी आणखी एक गोम पकडली, आणि ती वाचताना मला तू आणि तुझा मित्रच आठवलात. जास्त पगाराच्या गावी जाणारा माणूस पुष्कळदा जुन्या गावातली त्यातल्या त्यात चांगली कंपनी सोडून नव्या गावाच्या मानाने हलक्या कंपनीत शिरतो. तेव्हा नुसता माणूस धरून मोजलं तर ठिकाणाचा फायदा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून कंपनीही मोजावी लागते.

परदेशातली टक्केवारी उचलून मराठवाड्यावर चिकटवू नको. आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांच्या पगाराची कुठे नोंदच होत नाही. पण रीत उपयोगाची आहे. आणि मला ती एकदा अगदी डोळ्यांसमोर बघायला मिळाली.

मी होतो त्या कंपनीने वाळूजची एक मशिनिंग लाइन रांजणगावला हलवली. मशीनी ट्रेलरवर चढल्या, मागोमाग तीसेक माणसं गेली. कंपनी तीच, सुपरवायझर तोच, मशीन तीच, पार्ट तोच. उत्पादन एका नगानेही वाढलं नाही. तरी सहा महिन्यांत पगारात शहर भत्ता घालावा लागला. का? कारण पोरं दुपारच्या सुटीत चहाला बाहेर पडली की टपरीवर शेजारच्या कंपनीचा ऑपरेटर भेटायचा आणि तिथे भरती चालू आहे म्हणून सांगायचा. वाळूजलाही टपऱ्या आहेत, पण एवढ्या कंपन्यांचे ऑपरेटर एका टपरीवर भेटत नाहीत. 'ठिकाण' म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. माती, पाणी, भाषा यांच्याशी त्याचा फार संबंध नाही. तुझ्या हातातलं काम ज्यांना हवंय अशी किती गेटं सायकलच्या टप्प्यात आहेत, हे ठिकाण. तीन गेटं असली की तुला कायम झालो यातच समाधान मानावं लागतं. तीस असली की एचआरवाला स्वतःहून बोलावून विचारतो, "काय अडचण आहे का रे?" मी स्वतः विचारलंय, म्हणून सांगतो.

गेटं कमी का, हा प्रश्न मोठा आहे, त्याचं पुस्तक होईल. आपण निजामाच्या राज्यात होतो, १९४८ च्या १७ सप्टेंबरला सुटलो, महाराष्ट्रात १९६० ला आलो. तोवर मुंबई-पुणे पट्ट्यात दोन पिढ्यांचे फिटर-टर्नर तयार झालेले होते. रेल्वे आली ती मीटर गेज, मनमाडला माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचा. ते रूळ रुंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. बंदर लांब. दांडेकर समितीने १९८४ मध्ये आणि नंतर केळकर समितीने विकासाच्या अनुशेषाचे हिशेब मांडले, ते वाचून घे कधीतरी. आता समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झालाय, शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहतेय. गेटं वाढतील. तुझ्या या वर्षीच्या पगारवाढीत ते दिसेल, असं मात्र मी म्हणणार नाही.

त्या तीसेक जणांचं पुढे काय झालं, ते खरं ऐकण्यासारखं आहे. दोन वर्षांत त्यातले एक तृतीयांश परत आले. ज्यांची घरची शेती होती, किंवा ज्यांच्या बायकांचं इकडे शिवणकाम, अंगणवाडी असं काही चालू होतं, ते आधी परतले. नवऱ्याच्या पगारात तीन-चार हजार वाढले आणि बायकोचे पाच हजार बंद झाले, तर घराचा पगार कमीच झाला ना! पगार एका माणसाचा मोजतात, पण गाव बदलतं ते अख्खं घर. पण परत आलेल्यांपैकी पाच-सहा जण सेटर, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणारे, होऊन आले. तिकडे मशीनचे चार प्रकारचे कंट्रोल हाताळले होते, प्रोग्रॅममध्ये बदल करायला शिकले होते. वाळूजला त्यांना जो पगार मिळाला, तो कधीच न गेलेल्यांपेक्षा जास्त होता आणि तो टिकला. स्पेनमध्ये दे ला रोका आणि पुगा यांनी २०१७ मध्ये हेच छापलं : मोठ्या शहरात मिळालेल्या अनुभवाची किंमत माणूस शहर सोडून गेला तरी त्याच्याबरोबर जाते. म्हणजे ठिकाणाचा काही हिस्सा माणसात मुरतो. अर्धं-अर्धं अशी वाटणी करणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. जो हिस्सा आज माणसाच्या खात्यावर दिसतो, तो काल एखाद्या ठिकाणाने दिलेला असतो.

मित्राचं इथेच अडतंय. बारा तास एकाच मशीनवर एकच पार्ट लावायचा, सायकल स्टार्टचं बटण दाबायचं, पार्ट काढायचा, फुंकर मारायची. यातून काही मुरत नाही. चाकणला राहूनही चाकण अंगाला लागत नाही.

खर्चाचं बोलायला हवं. कार्ड मंडळींच्याच हिशेबात अमेरिकेतल्या मोठ्या शहरांचा जादा पगार घरभाड्याने पुरताच गिळला, हातात काही उरलं नाही. आपल्याकडे चौघांत खोली करून पोरं यावर तोड काढतात, म्हणून एकट्याला चाकण परवडतं. लग्न झालं, पोर शाळेत घालायची वेळ आली, की तेच चाकण महाग पडायला लागतं. तुझं लग्न झालंय का ते तू लिहिलं नाहीस.

सरकारने ठिकाणाची किंमत कशी लावलीय, तीही बघ. राज्यात किमान वेतनाला परिमंडळं आहेत, मोठ्या शहराला वरचं, गावाकडे खालचं, पण एकाच पायरीच्या कामाला फरक फार मोठा नाही. सरकारी नोकरीत तर मूळ पगार सगळीकडे सारखा, फरक मुख्यतः घरभाडे भत्त्यात. सातव्या वेतन आयोगाने सुरुवात केली ती २४, १६ आणि ८ टक्क्यांनी : पुणे पहिल्या वर्गात, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड-वाघाळा दुसऱ्या, बाकी आपण सगळे तिसऱ्या. आता नीट विचार कर. पगार पुण्याच्या शिक्षकाएवढा आणि भाजी, खोली, दूध सेलूच्या भावाने. सरकारी नोकरीची खरी किंमत देशात कुठे सगळ्यात जास्त असेल, तर ती जिंतूर-सेलूसारख्या गावात. आपल्याकडची पोरं तिशीपर्यंत अभ्यासिकेत बसतात म्हणून पुण्यातले लोक नाकं मुरडतात. माझं मत वेगळं आहे. पोरांचं गणित बरोबर आहे, जागा मोजक्या आहेत एवढीच त्यात खोट.

आणि तू निदान पगाराच्या स्लिपवर आहेस. तुझ्याच भागातून दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरून माणसं ऊस तोडायला जातात. तिथे हे व्यक्ती-ठिकाणाचं सगळं शास्त्र कोलमडतं. मजुरी 'कोयत्या'ला मिळते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. तिचे किती आणि त्याचे किती, हे कोणी लिहीत नाही. तोडणीचा दर राज्यभरासाठी करारानेच ठरतो. २०२४ च्या जानेवारीत त्यात ३४ टक्के वाढ झाली. म्हणजे टनामागचा भाव कारखाना बदलल्याने बदलत नाही. बदलतं ते इतकंच की ऊस दाट आहे का, फड किती लांब आहे. आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत दुसऱ्या गेटवर जाता येत नाही. गेटं मोजायची म्हटलं तर इथे एकच, आणि त्यालाही बाहेरून कडी.

जायला पैसे नसणं ही दुसरी कडी. बांगलादेशात रंगपूर भागात २००८ मध्ये एक प्रयोग झाला. भुकेच्या हंगामात शहराकडे जायला घरटी साडेआठ डॉलर दिले, म्हणजे बसभाडं आणि दोन-चार दिवसांचं जेवण. तेवढ्यावर जास्तीची २२ टक्के घरं माणूस पाठवायला तयार झाली, आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही त्यातली बरीच पुन्हा गेली. त्यांच्यात कौशल्य कमी नव्हतं, काम न मिळता हात हलवत परत आलो तर खायचं काय ही भीती होती.

उलट जालन्याला बघ. आपण म्हणतो जालन्यात पगार नाही. तिथल्या सळ्यांच्या मिलमध्ये भट्टीसमोर उभी असलेली कितीतरी माणसं बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली आहेत. त्यांच्या गावातल्या मजुरीच्या मानाने जालना चढ आहे, आपल्या पोरांना तेच जालना उतार वाटतं. ठिकाण चांगलं की वाईट, हे तू कुठून निघालास त्यावर ठरतं.

तर, बॅग. १९,५०० ची कायम नोकरी सोडून ठेकेदाराच्या २८,००० साठी जाऊ नको, एवढं मी ठाम सांगतो. चाकण-रांजणगावला कायम जागा, किंवा निदान कंपनीच्या रोलवरची नोकरी, आठ तासांच्या मूळ पगारात तुझ्यापेक्षा सहा-सात हजार वर आणि सेटिंगचं काम हातात, असं मिळत असेल तर जा. पाच वर्षांसाठी जा, शिकून घे, मग गेटं मोज आणि ठरव. यातली पगाराची अट थोडी ढिली केलीस तरी चालेल, सेटिंगची करू नको. आई-वडिलांजवळ कोणी नसेल तर हा सगळा हिशेब वेगळा, तो तुझा तू घाल.

मुलाखतीला गेलास की सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, विचारू नको, त्यात कॅन्टीन आणि बसही धरलेली असते. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून किती, हे विचार. आठ तासांची शिफ्ट की बारा, हे विचार. ओव्हरटाइमचा दर एकेरी की दुहेरी, हे तिथल्या एखाद्या ऑपरेटरला टपरीवर विचार, एचआरला नको. आणि मित्राला या महिन्याची स्लिप मागून घे. मिळालीच, तर मला पाठव. नाव-नंबर खोडून.